मिठाचा हिशेब

सव्वीस हिवाळे मी डलूथच्या चढांवर मीठ फेकलं.
नगरपालिकेचा केशरी ट्रक, पहाटे चारची पाळी,
मागे गरगरणारी तबकडी
आणि झोपलेल्या घरांसमोरून घरंगळत जाणारे खडे.
तेच मीठ आता टायरांच्या खोबणीत बसून
माझ्याच गॅरेजात परत येतं.
वितळतं, मुरतं,
आणि एप्रिलपर्यंत काँक्रीटचे पापुद्रे सुटतात,
उन्हात भाजलेल्या पाठीसारखे.
खाल्ल्या मिठाला जागावं, असं म्हणतात.
या फरशीनं पोटभर खाल्लं
आणि फुटली.

शेजारचा नीएमी म्हणाला, इपॉक्सी कर, व्हर्ना.
त्याची फरशी अशी चकाकते
की वाकलं तर नाकातले केस दिसतात.
त्याची गाडी मात्र बाहेर बर्फात उभी असते,
फरशी खराब होऊ नये म्हणून.

दुकानातल्या पोरानं, कोडीनं,
रंगांच्या चकत्या पत्त्यांसारख्या पसरल्या :
करडा, बदामी, एक निळा,
ज्याला डब्यावर सरोवराचं नाव होतं
आणि सरोवर कधीच तसं दिसत नाही.
साधा रंग स्वस्त, पण दोन हिवाळ्यांत उडेल.
जोडायच्या फरश्या नऊशे डॉलर,
त्यांच्याखाली पाणी साचून राहील.
माणसं बोलावून पॉलियुरिया, अठ्ठावीसशे,
वीस वर्षांची हमी.
वीस.
मी एकाहत्तर.
त्यानं बेरीज केलेली मला दिसली,
मग तो कानापर्यंत लाल झाला
आणि ब्रशांबद्दल बोलू लागला.

घरी येऊन मी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा
फरशीवर अंथरला, दोन हात लांब, दोन हात रुंद,
चारही कडांना चिकटपट्टी.
एवढं तरी करावंच, पैसे टाकण्याआधी.
दोन रात्री तसाच ठेवला.
तिसऱ्या सकाळी गुडघ्यावर बसून पाहिलं :
आतून दवाचे थेंब, बारीक, दाट.
म्हणजे जमिनीतली ओल अजून वर येतेय.
चाळीस वर्षं या फरशीला खालून घाम येत होता
आणि आम्ही वरून पुसत होतो.
यावर काहीही जाड थापलं
तर गरम टायरला चिकटून उचकटेल,
ओल्या पाकिटावरच्या तिकिटासारखं.

खरं सांगते, मला बरं वाटलं.
कारण इपॉक्सीच्या आधी सगळं घासून काढायचं होतं,
आणि उजव्या कोपऱ्यात ती पावलं आहेत.
काँक्रीट ओतलं त्याच रात्री कुणीतरी
तिरपं चालत गेलं, सहा पावलं,
सातवं नाही.
ऑरिन म्हणायचा कुत्रा. मी म्हणायचे रॅकून.
बोटं मोजून दाखवली तरी त्याचा कुत्राच.
एकदा या वादात जेवण गार झालं होतं.

शेवटी दोन डबे घेतले, अठ्ठ्याहत्तर डॉलर,
पाण्यासारखा पातळ सीलर.
आत शिरतो, वाफ जाऊ देतो, खारं पाणी अडवतो,
चार-पाच वर्षांनी पुन्हा मारायचा.
तेवढं मला झेपतं.
फुटलेले खड्डे आधी बुजवले, वास गेला तोवर दार उघडं ठेवलं,
बागेच्या फवारणीच्या पंपानं
मागच्या भिंतीपासून सुरू करून
दाराकडे उलटी उलटी येत गेले.

नीएमी रविवारी आला. म्हणाला, कधी लावणार?
लावलं की.
त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
बुटाच्या टाचेनं घासून पाहिलं.
रंग तोच. डाग तेच.
मी काही बोलले नाही. कपातलं पाणी ओतलं.
थेंब गोळा झाले, थरथरले,
आणि पावलांच्या खळग्यांत जाऊन बसले,
सहा लहान तळी.
नीएमी वाकला, बराच वेळ पाहत राहिला.
कुत्रा आहे हा, म्हणाला.

नोव्हेंबरात ट्रक गेला. नवा मुलगा चालवतो,
वळणावर फार टाकतो, सवय नाही अजून.
खडे दारावर ताडताड वाजले.
मी गाडी आत घेतली.