उसना काटा

अंगणवाडीचा काटा तीन महिने नादुरुस्त.
अर्ज वर गेलाय, म्हणतात.
तोवर तुर्भ्याच्या खदाणीखाली
मुस्तकीम भंगारवाल्याकडे
मी पोरं तोलते.

पत्रा, बाटल्या, पंख्याची जळकी मोटर
तो बाजूला सारतो.
हूक फडक्याने पुसतो, दोनदा.
काटा शून्यावर आणतो,
गिऱ्हाइकासमोर कधी आणत नाही इतका नेमका.

यल्लव्वा लेकीला झोळीत घालते.
पोर हसते. तळव्यांना खडीची पांढरी धूळ.
वय चौदा महिने.
सहा किलो दोनशे.
ठिपका लाल पट्ट्यात पडतो.

"पुन्हा बघा, ताई," मुस्तकीम म्हणतो,
"माझा काटा मारलेला आहे,
कमीच दाखवतो."
सगळ्या वस्तीला ठाऊक आहे हे.
कबूल आज पहिल्यांदा करतोय.

समोरच्या दुकानातून मी
किलोची मिठाची पिशवी आणून लावते.
एक किलो.
ना इकडे, ना तिकडे.

कुणी बोलत नाही.
मी लिहिते: वाशीच्या इस्पितळात न्यावे.
रिक्षाभाड्याचा रकाना
रजिस्टरात नाही.

मुस्तकीम उठतो,
भरलेल्या टेम्पोतली रद्दी
एकटाच
खाली उतरवू लागतो.