दारावरची फळी

आमच्या दाराला बेल नाही, फळी आहे.
वाल्देककाकांनी मोडक्या होडीची कापून आणलेली;
ओली झाली की अजून तिला मासळीचा वास येतो.
फळीवर अकरा नावं आहेत. आडनावं म्हणाल तर आठ.
(अकरावं नाव बोकडाचं, पण ते पोस्टमनला सांगू नका.)

इथे आइसलँडमध्ये आडनावाचं कुणाला काही नसतं,
आडनाव म्हणजे नुसतं 'अमकीची मुलगी', 'तमक्याचा मुलगा'.
मी स्टेइनुनची मुलगी. कारी ओद्दुरचा मुलगा.
ओद्दुर पूर्वी आईचा नवरा होता,
आता तळमजल्यावर राहतो
आणि हिवाळा लागला की तिच्या गाडीची टायरं बदलून देतो.
मारिलू तर आमची कुणीच नव्हती.
एका संध्याकाळी कारखान्यातून भात घेऊन आली
आणि भांडं न्यायला विसरली.
नऊ वर्षं झाली. भांडं आहे, तीही आहे.
आजोबा शेजाऱ्यांचे. शेजारी रेक्याविकला गेले,
आजोबा म्हणाले, बोकडाला सोडून मी कुठे येत नाही.
मग काय.

ओस्ताप आला नोव्हेंबरात,
सूर्य डोंगराआड गेला त्याच आठवड्यात.
एक बॅग. तिची चेन त्याने उघडलीच नाही.
वाल्देककाकांनी पटाशी काढली, तर म्हणाला,
"नको. मी राहणार नाहीये."
काका म्हणाले, "बरं. मग खडूने लिहू."

रात्री वारा पाऊस आडवा मारायचा, नाव धुऊन जायचं.
सकाळी नाव पुन्हा तिथेच.
कोण लिहितं ते कुणी कबूल करेना,
पण मला अक्षरं कळतात:
पहिला गोल लठ्ठ असला की आजोबा,
कलंडलेला असला की कारी,
आणि शेजारी मासा काढलेला असला की मी.
एकदा बोकडाने सगळं नाव चाटून टाकलं.
ओस्ताप हसला,
आणि घाईघाईने ते हसू खिशात घातलं.

जानेवारीच्या पंचविसाव्या दिवशी डोंगराच्या खाचेतून
सूर्य परत आला, चांगला दहा मिनिटं.
अख्खं गाव रस्त्यावर, हातात गरम पॅनकेक.
मारिलूने पिठात नारळ घातला, म्हणून आमचे तव्याला चिकटले.
आई मोजायला लागली. एक कमी.

तो दारात होता. विचारल्याशिवाय घेतलेली पटाशी,
ओठात धरलेली जीभ.
वाल्देककाका जवळ गेले.
मला वाटलं, आता ओरडणार.
"पकड चुकतेय," एवढंच म्हणाले
आणि त्याचा अंगठा थोडा खाली सरकवला.

त्याच्या नावात अक्षरं पाच.
चार झाली, आणि सूर्य गेला.
"राहिलेलं उद्या," ओस्ताप म्हणाला.

आजोबांनी चष्मा पुसला. ओद्दुर उगाच खोकला.
कुणीच काही बोललं नाही.
आईने कोनाड्यातला खडू काढला
आणि बोकडाला देऊन टाकला.