घोंगडं

सीपीआरच्या समोर, जुन्या कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
एकतीस वर्षं मी अर्ज लिहितोय.
टाइपरायटरचा ळ मोडलाय.
गूळ, पन्हाळा, मिसळ :
ज्या गावाचं ळ शिवाय पान हलत नाही
तिथं मी जागा मोकळी सोडतो
आणि शेवटी निळ्या पेनानं भरतो.

भाचीनं फोटो धाडला, जेरुसलेमच्या म्युझियममधून.
‘हनोखमामा, तुझ्या धंद्यातला कागद.’
कागद कसला, खापर.
फुटक्या घागरीचा तुकडा, वर शाईच्या चौदा-पंधरा ओळी,
सव्वीसशे वर्षांपूर्वीच्या.
प्रार्थनेत वाचतो ती लिपी नव्हे, तिच्याही आधीची,
कोंबडीनं उकिरड्यावर उकरावी तशी.
मला एक अक्षर लागेना.
तिनंच फोनवर उलगडून सांगितलं.

एक कापणीवाला. गढीवरच्या साहेबाकडे तक्रार :
कापलं, मोजलं, कोठारात भरलं,
आणि शोबायचा पोरगा होशयाहू आला, माझं पांघरूण नेलं.
काम पुरं झालं होतं, तरी पांघरूण नेलं.
भाऊबंद साक्षीला आहेत, उन्हात सोबत कापत होते.
माझं पांघरूण.

मधे एक शब्द आहे, त्यावर विद्वानांची जुंपलीय :
‘थांबायच्या आधी’ भरलं, की ‘शनिवारच्या आधी’?
माझ्या पणज्याला रेवदंड्यात शनवारतेली म्हणत.
तो म्हणाला असता, घाणा थांबला की शनिवार,
यात भांडायचं काय?

आमच्या शास्त्रात याचं कलम आहे.
गरिबाचं पांघरूण अडकवायचं ते उजेड आहे तोवर,
अंधार पडला की ज्याचं त्याला.
कापणीवाल्यानं ते कलम सांगितलेलं नाही.
लिहिणाऱ्यानंही घातलं नाही.
मी घातलं असतं, खाली रेघ मारून.
आणि तीन वेळा आलेलं पांघरूण
एका वेळेवर आणलं असतं.
अर्ज सुटसुटीत हवा, साहेबांना वेळ नसतो.

त्या माणसाचं नाव खापरावर नाही.
नुसता हात आहे.
समोरचा घाबरून तेच तेच बोलत होता
आणि यानं तेच तेच लिहून घेतलं.

आज दुपारी सिदू कोळेकर आला, जतकडचा,
वडणग्याच्या एका गुऱ्हाळावर जळव्या.
‘चुलवाण इझवूनच गेलो हुतो जी, मालकानं घोंगडं न्हेलं.
आदण उतरलं हुतं. घोंगडं न्हेलं.
आयनं दिल्यालं घोंगडं हाय ते, काळं.
चिपाडं वडणाऱ्या पोरास्नी इचारा.’
पौषातली थंडी, अंगात बंडी.
बोटं सवयीनं थांबली, दोन घोंगडी गाळायला.

गाळली नाहीत.
‘न्हेलं’ सुद्धा ‘न्हेलं’च ठेवलं.

खापराचा खालचा कोपरा फुटलेला आहे.
साहेबानं काय केलं, कुणालाच माहीत नाही.
माझ्या अर्जांचं तरी कुठं कळतं मला?
पन्नास रुपये खिशात, माणूस गर्दीत.
ब्रह्मपुरीच्या पांढरीत रोज खापरं उघडी पडतात,
जाता-येता उलटी करून बघतो.
कोरी असतात. कधी फक्त
कुंभाराच्या अंगठ्याची खळगी.

सिदूच्या अर्जावर ळ भरायला घेतले.
गुऱ्हाळ. जळव्या. काळं. कोळेकर.
एवढे निळे डाग एका पानावर कधी पडले नव्हते.
सही-अंगठ्याच्या वर दीड ओळ रिकामी होती,
तिथं हातानंच लिहिलं :
‘सूर्य मावळायच्या आत परत मिळावं.’
कुठल्या कायद्याखाली, विचारतील.

विचारू देत.
पंचगंगेकडं ऊन कलायला लागलं होतं.
म्हटलं, सिदू, पैसे राहू देत,
पळ, अजून खिडकी उघडी आहे.