टिकटिक नसलेली सायकल

तिहामेरनं सायकल हातात दिली तेव्हा एवढंच म्हणाला,
एमोके, हिच्यावर बसून खाता येत नाही.
मागच्या चाकाला फ्रीव्हील नाही,
ब्रेक नाही, घंटी नाही.
चाक फिरतं तोवर पायडल फिरतं,
पायडल फिरतं तोवर पाय.
उतारावरसुद्धा.
उतारावर तर जास्तच.

सहा वर्षं झाली.
बुडापेस्ट आता मला गुडघ्यांनी पाठ आहे:
कुठे दगडी फरशी दातांत वाजते,
कुठे ट्रामचा रूळ तिरका गाठला
की पुढचं चाक गिळतो.
पाठीवरच्या पिशवीत वकिलांचे लिफाफे,
कुणाच्या विसरलेल्या किल्ल्या,
एकदा तर घटस्फोटाचे कागद;
त्या माणसानं सही केली
आणि मलाच विचारलं, पाणी हवंय का?

सिग्नलला मी पाय टेकत नाही.
हँडल जरा वळवून
बोटभर पुढे, बोटभर मागे,
उभी असते तशीच,
तान्हं झोपलं की नाही हे बघत
पाळण्याशी रेंगाळावं तशी.
शेजारच्या गाडीतला काच खाली करून म्हणतो, पडशील.
हिरवा लागतो. तो मागे राहतो.

गेर्गेय म्हणायचा, झोपेतही तुझे पाय फिरतात.
मग तो दुसऱ्या खोलीत झोपू लागला,
मग दुसऱ्या गावात.

मार्चमधली गोष्ट. रोझादोंबच्या टेकडीवर
एका दंतवैद्यानं खोका दिला,
आत कुणाच्या तरी दातांचा साचा,
पेश्तमधल्या प्रयोगशाळेत अकराच्या आत पोचवायचा.
उतार म्हणजे चाकाशी भांडण:
ते म्हणतं चल, मांड्या म्हणतात हळू,
आणि दोघांमध्ये साखळी,
घरातल्या मधल्या भावासारखी
दोन्हीकडून ताणलेली.

खट्ट.

एवढाच आवाज.
साखळी रस्त्यावर पडली असावी, मी पाहिलं नाही.
पाय एकदम रिकामे.
सायकल चालली होती
आणि तिला माझी गरज नव्हती.
सहा वर्षांत पहिल्यांदा मी नुसती बसले होते.
गाडी धुणारा एक माणूस, त्याची लाल बादली,
कुंपणापलीकडचा भुंकायचं विसरलेला कुत्रा,
अक्रोडाचं निष्पर्ण झाड,
सगळं सावकाश आणि स्वच्छ,
जणू कुणीतरी दुसराच मला घेऊन चाललाय.

आणि खाली, चौकात, पिवळी ट्राम.

डावा बूट मागच्या टायरवर दाबला.
रबर जळाल्याचा वास.
तेवढ्यानं भागेना, तेव्हा
समोर दिसेल त्या कुंपणात घुसले.
आमच्याकडे त्या झुडपाला सोनपाऊस म्हणतात,
पानांच्या आधी फुलं येतात, पिवळी धमक.
मी त्यात कमरेपर्यंत.

एतेल्का नेनी चपला घालत बाहेर आली.
आधी झुडूप पाहिलं, मग मला.
आठ वर्षांचं होतं, म्हणाली,
आणि ओला टॉवेल आणायला आत गेली.

खोका उघडला.
साच्यातले दात सगळे शाबूत,
गुलाबी मेणावर ओळीनं बसलेले.
माझ्या पुढच्या दाताचा कोपरा मात्र
तिच्या अंगणात कुठेतरी राहिला.

मार्गित पूल त्या दिवशी पायी ओलांडला,
सायकल खांद्यावर.
डॅन्यूब गढूळ होती, भरलेली, आपल्या नादात.
प्रयोगशाळेतल्या पोरानं घड्याळाकडे बोट दाखवलं,
चाळीस मिनिटं उशीर, इथे सही करा.
माझ्या तोंडाकडे त्यानं पाहिलंही नाही,
दातांचंच काम करतो बिचारा.

तिहामेरनं नवी साखळी चढवली, जाड.
हात पुसत विचारलं, काय वाटलं गं तेव्हा?
भीती, मी म्हणाले.
खोटं नव्हतं.

दात अजून भरून घेतलेला नाही.
पैसे आहेत, वेळही निघेल.
पण लाल सिग्नलला,
बोटभर पुढे, बोटभर मागे,
जीभ आपोआप तिथे जाते
आणि त्या धारेवर
थोडा वेळ टेकते.