आतून जाळलेलं लाकूड

बाटली उंच, खांदे रुंद,
अगदी त्याच्यासारखीच, प्रणय म्हणाला.
शिकागोहून येताना आणली भाच्यानं. किंमत विचारू नका म्हणाला,
म्हणजे सांगायचीच होती.
लेबलवर हिरोची सोनेरी सही,
खाली त्याचं वाक्य: ही माझ्या रक्तात आहे.
पंचवीस वर्षं पडद्यावर त्याचं रक्त आम्ही पाहिलंय.
ते गुलाबी होतं.

मे महिना, लकडगंज, रात्रीचे साडेनऊ.
आरा बंद करून दोन तास झाले तरी भुसा हवेतच.
टिनाचं छप्पर दिवसभराचं ऊन
आता कुठं सुटे पैसे मोजल्यासारखं परत करत होतं.

परीक्षक आम्ही चार.
दुर्वास मेश्राम, रेल्वेतला गार्ड, आता पेन्शनर,
अजनी ते इटारसी एकही स्टेशन कोरडं न सोडलेला;
विलास बारापात्रे, कळमन्याला मिरचीचा ठोक व्यापार,
त्याच्या जिभेवर आमच्यातल्या कोणाचाच भरवसा नाही;
लालजीभाई, माझे भागीदार, कच्छी,
आयुष्यात थेंब नाही, समोर ताक;
आणि मी, चलानबुकाच्या पाठीवर पेन्सिल घेऊन:
रंग, वास, घोट, मागं काय उरतं.
प्रत्येकाला दहा मार्क.

दुर्वासनं ग्लास बल्बकडं धरला, कंदील धरायचा तसा.
"रंग भारी हाये बे. आठ लिही."
घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही थांबलो.
"खोकल्याच्या औषधात बत्तासा टाकला
असं लागून राह्यलं."
मग दुसरा घोट, मग स्वतःच्याच मताला हिरवा दिवा:
"पन मंग गाडी पिकप घेते."

विलासनं बर्फ मागितला, सोडा मागितला,
सावजीचा रस्सा वाटीत ओतून घेतला
आणि रश्श्याला दहापैकी दहा दिले.
"अन् याले?"
"त्याचा पहिला पिच्चर चांगला होता. पाच."

प्रणय मोबाइलवरून वाचत होता:
व्हॅनिला, सुकं अंजीर, घोड्याच्या खोगिराचं चामडं.
"खोगीर चाटलं कोनं?" दुर्वास म्हणाला.
मला खरंच व्हॅनिला लागली होती.
सांगितलं नाही.

मग लालजीभाईंनी ताक बाजूला ठेवलं.
"आणा इकडे. फक्त वास."
साठ वर्षं लाकूड हुंगलेलं नाक:
साग, बीजा, साजा डोळे बांधून सांगतात,
साग भंडाऱ्याचा की बालाघाटचा तेही.
ग्लास नाकाखालून एकदाच फिरवला.
"आपल्याकडचं नाही. नवीन लाकूड, घाईनं वाळवलेलं.
पीप करून आतून जाळलंय.
आग मोठी, वेळ थोडा."

प्रणयनं बाटली उलटी फिरवली.
मागं तेच लिहिलं होतं, फक्त नटवून.

ग्लास त्यांनी खाली ठेवला नाही.
आणि मग मलाही आला तो,
व्हॅनिलाच्या खालून, अंजिराच्या खालून:
एक्क्याण्णवची दिवाळी, आमचा जुना आरा,
सातशे घनफूट साग रात्रभर,
पहाटे बंबाचं पाणी पडल्यावर उठलेला
तो गोडसर, ओला, जळका वास.
बायकोनं शर्ट तीनदा धुतला,
मग न विचारता पोतेऱ्याला घेतला.
त्या वासावर कुणा हिरोची सही नव्हती.
विमावाल्यानं केली होती,
निम्म्या रकमेसमोर.

"कशी आहे मग?" प्रणयनं विचारलं.
लालजीभाईंनी ग्लास माझ्याकडं सरकवला.
"लाकूड खरं आहे," म्हणाले,
"माणसाचं मला माहीत नाही."

मी बेरीज केली. चुकली. पुन्हा केली नाही.
अर्धी बाटली उरली, आणि मी तो शेवटचा ग्लास
पाणी न घालता, हळूहळू,
कुणाशी न बोलता संपवला.

जाताना दुर्वास बूच काढून, लावून, काढून पाहत होता.
रिकामी झाली की फेकू नको म्हणाला,
करवतीचं तेल ठेवायला बरी.
बुचाला मात्र त्यानं नऊ दिले.