झडती

चौतीस वर्षं मी नोटा मोजल्या,
माझ्या नव्हेत.
जेलरोडच्या प्रेसमध्ये सुटी झाली की
फाटकावर हात वर करून उभं राहायचं,
खिसे उलटे, डबा उघडा,
उरलेली अर्धी पोळीसुद्धा दाखवायची.
घरी आलो की हेमलता म्हणायची,
आधी हात धुवा, शाईचा वास येतोय.
मी धुवायचो. तरी तिला यायचाच.

तिला सगळंच नाकाने कळायचं.
दूध उतू जायच्या आधी,
आढावांकडे खोबरं भाजतायत की तीळ,
सिन्नर फाट्यावर मी कोणाबरोबर बिडी ओढली, ते.

मग तो ताप आला.
गेला, आणि जाताना वास घेऊन गेला.
डॉक्टर म्हणाले, येईल, सहा महिने, वर्ष,
कधी कधी नाही येत.
फोडणी करपली तरी ती ढवळतच राहिली.
म्हणाली, सगळं कागदासारखं लागतं.
कागदासारखं.
मला म्हणाली.

गच्चीवर मी द्राक्षांच्या थर्माकोलच्या पेट्या मांडल्या,
खिळा तापवून तळाला भोकं पाडली.
देवळाली गावच्या सोमवारच्या बाजारातून धणे आणले,
लाटण्याने हलके रगडले,
एका धण्याचे दोन होतात
(हेच प्रेसमध्ये केलं असतं
तर तुरुंग शेजारीच होता).
पुदिन्याची काडी ग्लासात ठेवली,
चौथ्या दिवशी पांढरी मुळं.
कढीपत्त्याला आंबट ताक.
गवती चहाने बोट कापलं.
पानओवा मोडून पडला तिथेच रुजला,
त्याला कोणाची परवानगी लागत नाही.
आढावांच्या सुनेने गंगापूर रोडवरून रोझमेरी आणून दिली,
काका, हे पिझ्झावर टाकतात,
एप्रिलात त्याचा झाडू झाला.

रोज सकाळी एक पान चुरगळून तिच्या नाकाशी.
काय येतंय?
काही नाही.
आज?
ओलं आहे, एवढं कळतंय.
पानओव्याला म्हणाली, मऊ आहे.
गवती चहाला, टोचतोय.
खोटं एकदाही बोलली नाही.
बोलली असती तर चाललं असतं मला.

उरलेलं बिल्डिंगमध्ये वाटलं.
पगारेबाई पैसे देऊ लागल्या,
म्हटलं, आता मोजणं नको.
पण जुडी बांधताना अंगठा आपोआप
एकेक काडी सरकवायचा,
शंभरावर थांबायचा.

डिसेंबरात पारा पाचावर आला.
निफाडकडे बागांत रात्रभर शेकोट्या, असं पेपरात होतं.
कोथिंबिरीच्या पेटीत काही वेगळंच उगवलेलं दिसलं,
केसांसारखं, निळसर.
शेपू.
बाजारवालीच्या पोत्यात मिसळला असणार.

शेपू आमच्याकडे येत नाही.
लग्नानंतर आठव्या दिवशी आईने केला होता,
हेमलता ताट सोडून मागच्या दारात जाऊन बसली.
आईने परत कधी केला नाही.
त्या दोघींचं पटलं ते तेवढ्या एकाच गोष्टीवर.

उपटायला बसलो. बोटं गारठलेली.
पहिलीच काडी उपटली आणि
कुठे टाकावी कळेना,
ठेवली शर्टाच्या खिशात.
बाकीच्या मोजल्या. सतरा.
राहू दिल्या.

खाली आलो तर ती तांदूळ निवडत होती,
पाठ माझ्याकडे.
स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता,
वायसर आणायचा होता, राहून गेला होता,
मी तेच सांगणार होतो.
ताटातली तिची बोटं थांबली.
मान वळवली नाही.

अहो,
खिशात काय आणलंय ते
आधी बाहेर फेका.

मी दारातच
दोन्ही हात वर केले.