डिपर

अब्दिरिझाकने काउंटरवर दोन खोकी ठेवली.
एक चारशे पन्नास शिलिंगांचं,
एक तीन हजार आठशेचं.
मग शटर अर्धं खाली ओढलं,
दिवे बघण्यापुरता अंधार व्हावा म्हणून.

स्वस्ताने लगेच उजेड पाडला.
निळसर, पांढराफटक,
छतावर, टायरांच्या चवडीवर, माझ्या पोटावर,
कॅलेंडरातल्या उंटाच्या तोंडावर,
कुणी बादलीभर पाणी भिरकवावं तसा.
महागड्याने समोरच्या भिंतीवर
फक्त एक आडवी रेघ ओढली.
रेघेखाली पिवळसर दिवस,
रेघेवर काळोख, होता तसाच.

मी म्हटलं, बिघडलाय हा.
तो म्हणाला, केटर,
त्या वरच्या काळोखाचेच पैसे आहेत.

नऊशे मिळतात दिवसाला.
साडेतीनशे पेट्रोलचे,
साडेतीनशे गाडी ज्याची आहे त्याचे,
उरलेल्या दोनशेत आम्ही चौघं.
म्हणजे एकोणीस दिवस कुणीच जेवायचं नाही,
आणि विसाव्या दिवशी
भिंतीवर एक सरळ रेघ.

जुलैतली ती रात्र मी विसरलेलो नाही.
केरिचोच्या खालच्या वळणावर
चहाच्या मळ्यांतून धुकं रस्त्यावर उतरलं होतं.
मागे चेपकिरुई, तिच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे.
समोरून एक दिवा आला.
माणूस नाही, गाडी नाही, नुसता दिवा,
आणि सगळं धुकं चुन्याची भिंत झालं.
मी डिपर मारला. पुन्हा मारला.
पुढचं आठवतं ते गटारातून :
मागचं चाक हवेत फिरतंय,
आणि ती अंधारात अंडी चाचपतेय,
एका हाताने, कारण दुसरा हलत नव्हता.
अंड्यांचे पैसे मी दिले. प्लास्टरचे तिने.
तो थांबला नाही.
आम्ही त्याला दिसलोच नसू.
किंवा दिसलो असू.
इतक्या उजेडात न दिसायला काय झालं?

तेव्हापासून रात्री मी लोकांचे हात बघतो.
असल्या दिव्यासमोर पायी चाललेली माणसं
कपाळाशी हात नेतात,
लांबून वाटतं, सलाम करतायत.

हे सगळं अब्दिरिझाकला सांगितलं नाही.
चारशे पन्नास मोजून दिले.
त्याने महागडं खोकं परत फळीवर ठेवलं,
पण हाताशी येईल अशा खालच्या फळीवर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी
चर्चच्या मागच्या भिंतीसमोर गाडी उभी केली.
माझ्या कमरेइतक्या उंचीवर खडूने रेघ मारली,
आठवली तशी, थोडी वाकडीच.
हेडलाइटचे स्क्रू सैल करून
पांढरं डबकं रेघेखाली ढकलत राहिलो.
वरून सांडायचं राहिलंच,
तेव्हा काचेच्या वरच्या भागावर काळी टेप चिकटवली,
एक पट्टी, मग आणखी दोन.
मेहुणा बघत उभा होता.
म्हणाला, पैसे देऊन उजेड आणायचा
आणि वर टेप लावायची,
वा, चांगले दिवे लावलेस!

खरं आहे. मला आता कमी दिसतं.
पंधरा पावलं, फार तर वीस.
खड्डा कळतो तो अगदी जवळ आल्यावर.
चाळीसच्या वर जात नाही,
घाईची गिऱ्हाइकं दुसऱ्यांकडे जातात.
टेप पावसात सुटते. पुन्हा लावतो.

काल पहाटे त्याच वळणावर, त्याच धुक्यात
एक म्हातारी समोरून आली,
डोक्यावर दुधाचा कॅन, दोन्ही हातांनी धरलेला.
मी तिच्या पायांवर उजेड टाकत गेलो.
पाय दिसले, रबरी चपला, चिखल,
स्वेटरचं शेवटचं बटण.
चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही.

हात मात्र
कॅनवरच होते.